शेरीफ म्हणजे नक्की कोण? पोलीस, न्यायाधीश की नगरपाल?

काळाघोडा (धागाकर्ता)
मंडळी, लहानपणी शेरीफ म्हटलं की दोनच माणसं डोळ्यांपुढे यायची. एक रॉबिन हूडच्या गोष्टीतला नॉटिंगहॅमचा दुष्ट शेरीफ आणि दुसरा छातीवर चांदणी लावून घोडा उधळत येणारा अमेरिकन. मग १९९४ साली पेपरात वाचलं की सुनील गावसकर मुंबईचे शेरीफ झाले. त्याआधी १९८० मध्ये दिलीपकुमार होऊन गेले होते म्हणे. मला काही केल्या मेळ लागेना. मराठी पेपर या पदाला 'नगरपाल' म्हणतात. महापौर आहेत, पोलीस आयुक्त आहेत, मग हे नगर पाळायला आणखी एक माणूस कशाला?

माझा अंदाज असा की शब्द अरबी 'शरीफ'वरून आला असावा. शरीफ म्हणजे खानदानी, प्रतिष्ठित. मुंबईतही हे पद प्रतिष्ठितांनाच मिळतं. धर्मयुद्धांच्या काळात इंग्रजांनी उचलला असेल. जाणकारांनी प्रकाश टाकावा. 'गूगल करा' एवढंच सांगायचं असेल त्यांनी कृपया दुसरा धागा बघावा.

टवाळ_टिल्लू
मी पयला! नवाझ शरीफ हे पाकिस्तानचे नगरपाल होते. सिद्ध झालं, धागा बंद करा.

शब्दवेडी
टिल्लू, बस खाली.
काळाघोडा, अंदाज ऐकायला गोड आहे, पण टिकत नाही. हा शब्द अस्सल इंग्रजी मातीतला आहे. जुन्या इंग्रजीत 'शीर' म्हणजे एकाच्या अंमलाखालचा मुलूख, म्हणजे आजचं यॉर्कशायर, लँकशायरमधलं शायर. 'गेरेफा' म्हणजे धन्याच्या वतीनं व्यवहार बघणारा कारभारी. गावाचा गेरेफा वेगळा, बंदराचा वेगळा, जहागिरीचा वेगळा. त्यातला जिल्ह्याचा तो 'शीर-गेरेफा'. बोलून बोलून झिजला आणि शेरीफ झाला. फ्रान्सकडचे नॉर्मन लोक १०६६ साली इंग्लंडात उतरले त्याच्या आधीपासून हा शब्द आणि पद दोन्ही तिथे होतं. पहिलं धर्मयुद्ध १०९५ नंतरचं, त्यामुळे तारखाच जुळत नाहीत.
अरबी शरीफही इंग्रजीत गेला आहे, मक्केचे शरीफ वगैरे, पण तो वेगळा शब्द आहे आणि स्पेलिंगही वेगळं.
गेरेफाचा नंतर नुसता 'रीव्ह' उरला. रीव्ह, रीव्ह्ज ही आडनावं त्यातलीच. श्रीव्ह हे आडनाव तर थेट शेरीफवरून.

टवाळ_टिल्लू
म्हणजे हॉलिवूडचा कियानू रीव्ह्ज हा कियानू कारभारी? साताऱ्याकडचा वाटतोय.

मोगरा_मुलुंड
हसून हसून पुरेवाट. यापुढे मी त्याला दुसऱ्या नावानं ओळखू शकणार नाही.

इतिहासाचा_किडा
शब्दवेडी यांच्याशी सहमत. थोडी भर घालतो.
नॉर्मनांनी पद मोडलं नाही, उलट त्याचे दात वाढवले. शेरीफ हा जिल्ह्यातला राजाचा माणूस. कर तो गोळा करणार, माणसं तो पकडणार, राजाचे हुकूम तो बजावणार, लढाईला लोक तो जमवणार. कराचं गणित बघा. जिल्ह्यामागे ठरलेली रक्कम खजिन्यात भरायची आणि वर जे सुटेल ते स्वतःचं, आपल्याकडच्या इजारदारासारखं. वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि मायकलमसला (सप्टेंबरअखेरचा सण), लंडनच्या खजिन्यात हिशेबाला उभं राहावं लागे. तिथे चौकटीचौकटींचं कापड अंथरलेल्या मेजावर सोंगट्या सरकवून बेरीज-वजाबाकी होई. त्या कापडावरून खजिन्याच्या खात्याला एक्स्चेकर नाव पडलं. हे हिशेब गुंडाळ्यांवर लिहीत, त्यातली सगळ्यात जुनी टिकलेली ११३० ची आहे.
आता अशा माणसाचे हात स्वच्छ राहतील का? दुसऱ्या हेन्रीनं ११७० मध्ये चौकशी लावली आणि बहुतेक शेरीफ घरी बसवले. १२१५ च्या मॅग्ना कार्टातलं, म्हणजे राजाला लगाम घालणाऱ्या सनदेतलं, २४ वं कलम तर मजेदार आहे. शेरीफ, कॉन्स्टेबल, कॉरोनर आणि बेलीफ यांनी राजाच्या अखत्यारीतले खटले चालवू नयेत, असं त्यात म्हटलंय. चौघांनाही एकाच ओळीत दम. रॉबिन हूडच्या गोष्टीत खलनायक शेरीफच का, याचं उत्तर यातच आहे. लोकांना राजा कधी दिसतच नसे, दाराशी यायचा तो शेरीफ.
अवांतर: नॉटिंगहॅम शहराला आजही शेरीफ असतो. रॉबिन हूडपायी येणाऱ्या पर्यटकांचं तो हसतमुखानं स्वागत करतो. काळाचा सूड, दुसरं काय.

काळाघोडा
मॅग्ना कार्टातले ते चौघे वाचून मजा वाटली. त्यातले कॉन्स्टेबल आणि बेलीफ आपल्याकडे अजून नोकरीत आहेत की!

रिटायर्ड_नाझर
नमस्कार. बेलीफचं नाव निघालं म्हणून लिहायला बसलो. हयात दिवाणी कोर्टात गेली. तालुक्याच्या कोर्टात बेलीफ असतात आणि त्यांच्या वर नाझर. समन्स, जप्ती वॉरंट, ताबा वॉरंट हे सगळं नाझराच्या टेबलावरून बेलिफाच्या पिशवीत जातं. वादी माणूस दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करतो, बेलीफ भत्ता भरतो आणि मग आमचा माणूस एसटी पकडून गावाला जातो. गावात पोचेपर्यंत बातमी त्याच्या आधी गेलेली असते. घराला कुलूप. शेजारी सांगणार, 'लग्नाला गेल्यात.' मग दाराला चिकटवून बजावणी आणि पंचांच्या सह्या.
जमीन जप्त झाली तर ती डफ वाजवून जाहीर करावी असं दिवाणी प्रक्रिया संहितेत आजही लिहिलेलं आहे. ही थट्टा नाही, २१ वा आदेश, ५४ वा नियम. डफवाला शोधण्यात अख्खी दुपार गेल्याचं मला आठवतं.
एकदा एका तरुण बेलिफानं शेतकऱ्याच्या बैलजोडीला हात घातला. म्हातारी आडवी आली. प्रकरण माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी त्याला ६० वं कलम काढून दाखवलं. शेतीला लागणारी जनावरं, औजारं, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, बाईनं धर्मरीतीप्रमाणे अंगावरून उतरवू नयेत असे दागिने, यांतलं काहीही जप्त करता येत नाही. म्हातारीला कायदा ठाऊक नव्हता, पण ती कायद्यानं वागली.
आता मुद्द्याचं. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत (जिथे दावे थेट दाखल होतात) हेच बजावणीचं काम शेरीफ कचेरीतून होतं. म्हणजे आमच्या खात्याच्या हिशेबानं शेरीफ म्हणजे हायकोर्टाचा नाझर. गावसकर साहेबांनी राग मानू नये.

मोगरा_मुलुंड
नाझरकाका, असं आणखी लिहा. स्वतंत्र धागाच काढा.

शब्दवेडी
काका, फार सुंदर. आता बेलीफचंही सांगून टाकते. जुन्या फ्रेंचमधून आलेला, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन 'बायुलुस', म्हणजे ओझं वाहणारा.

टवाळ_टिल्लू
म्हणजे हमाल.

रिटायर्ड_नाझर
बरोबरच आहे. वॉरंटांचं ओझं. आमच्या बेलिफांच्या पिशव्या उचलून बघा म्हणजे कळेल.

ह्यूस्टनचे_तात्या
तुम्ही लोकांनी शेरीफला फारच पुराणवस्तू करून टाकलंय. इथे तो जिताजागता आहे. अमेरिकेत तीन हजारांवर शेरीफ आहेत, जवळपास काउंटीगणिक (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) एक, आणि बहुतेक ठिकाणी लोक मतं देऊन निवडतात, सहसा चार वर्षांसाठी. निवडणूक आली की हिरवळीवर पाट्या लागतात, 'अमक्याला शेरीफ करा.' पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला गंमत वाटली. पोलीस अधिकारी मतं मागतोय, हात हलवतोय, मुलांना फुगे वाटतोय!
शहराचे पोलीस वेगळे, त्यांचा प्रमुख नेमलेला असतो. शेरीफ काउंटीचा. शहराच्या हद्दीबाहेरची गस्त, काउंटीचा तुरुंग, कोर्टाची सुरक्षा, कोर्टाचे कागद बजावणं, ही त्याची कामं. आमच्या हॅरिस काउंटीचा तुरुंग एवढा प्रचंड आहे की तेवढ्यानंच शेरीफची झोप उडावी.
त्यामुळे माझ्या मते उत्तर सोपं आहे. शेरीफ म्हणजे पोलीस.

एडिनबरावहिनी
तात्या, थांबा थांबा. आमच्याकडे शेरीफ म्हणजे न्यायाधीश. पोलिसांशी त्याचा काडीचा संबंध नाही. स्कॉटलंडमध्ये बहुतेक दिवाणी आणि फौजदारी खटले शेरीफ कोर्टात चालतात. सहा शेरीफडम, म्हणजे न्यायविभाग, आहेत आणि प्रत्येकावर एक शेरीफ प्रिन्सिपल. डोक्यावर टोप घालून उंचावर बसलेला किंवा बसलेली शेरीफ ज्युरीच्या खटल्यात पाच वर्षांपर्यंत कैद देऊ शकते. समोर वकील 'माय लेडी' म्हणत असतात.
मी इथे नवीन असताना ज्युरी ड्युटीचं पत्र आलं, त्यावर शेरीफ कोर्ट लिहिलेलं. आमच्या ह्यांनी आधी विचारलं, 'तू काय केलंस?'
पूर्वी इथलाही शेरीफ राजाचा कारभारीच होता. कर गोळा करणं, कोर्ट भरवणं, सगळं त्याच्याकडे. इंग्लंडात त्याच्या हातून न्यायदान सुटलं. इथे न्यायदान राहिलं आणि बाकीचं सुटलं.

इतिहासाचा_किडा
वहिनींनी नेमक्या जागी बोट ठेवलं. मूळ शेरीफकडे कर, तुरुंग, न्याय, हुकूमबजावणी आणि मिरवणं अशी सगळी कामं होती. पुढे वाटण्या झाल्या. अमेरिकेला तुरुंग आणि बंदूक मिळाली, स्कॉटलंडला न्यायासन. आयर्लंडमध्ये डब्लिन आणि कॉर्कचे शेरीफ आजही थकलेल्या कराची वसुली करतात, म्हणजे थोरल्या घराचा मूळ धंदा त्यांनी राखला. आणि इंग्लंडच्या वाट्याला मिरवणं आलं.

पुण्याचा_प्रामाणिक
इंग्लंडच्या हाय शेरीफबद्दल: मखमली कोट, गळ्याशी लेस, कमरेला तलवार. एक वर्षाची मुदत, पगार शून्य, खर्च पदरचा. कोर्टाच्या हुकमांची बजावणी होती, तीही २००४ पासून वेगळ्या अंमलबजावणी अधिकाऱ्यांकडे गेली. नेमणुकीची पद्धत मात्र झकास. चर्मपत्रावर नावं लिहिलेली असतात आणि राजा किंवा राणी पसंतीच्या नावापुढे सुईसारख्या टोच्यानं भोक पाडते. कथा अशी सांगतात की पहिली एलिझाबेथ बागेत भरतकाम करत बसली होती, लेखणी जवळ नव्हती, म्हणून तिनं सुईच टोचली. पण तिच्या आजोबांच्या, सातव्या हेन्रीच्या काळातली यादीही टोचलेलीच सापडते. त्यामुळे कथा रद्द.

मोगरा_मुलुंड
आत्ता कुठे कथा आवडायला लागली होती. या पुण्याच्या लोकांना काय मिळतं असं करून?

पुण्याचा_प्रामाणिक
समाधान.

सरळसोट
सगळं वाचलं. माझा प्रश्न वेगळा आहे. इंग्रज गेले, मग मुंबईत हा शेरीफ कशाला? पाहुण्यांना विमानतळावर गुच्छ द्यायला? चेन्नईनं १९९८ मध्ये पद गुंडाळलं, तिथे काही अडलं का? गुलामगिरीच्या खुणा किती वर्षं पुसायच्या नाहीत? कॉरोनर बंद केला ना १९९९ मध्ये मुंबईत? तसंच हेही करा.

काळाघोडा
कॉरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा, तोच ना?

इतिहासाचा_किडा
तोच. कोरोना म्हणजे मुकुट, राजमुकुटाच्या वतीनं चौकशी करणारा अधिकारी. इंग्लंडात ११९४ पासून. आणि नेमला कशाला? शेरीफवर नजर ठेवायला, हेही एक कारण. शेरीफांची ख्याती अशी होती.
सरळसोट, मुंबईचा शेरीफ हा १७२६ च्या सनदेचा वारसा. त्या सनदेनं मुंबई, मद्रास आणि कलकत्ता इथे मेयरची कोर्टं स्थापली आणि त्यांचे हुकूम बजावायला दरवर्षी शेरीफ नेमायची सोय केली. तेव्हा ते शोभेचं पद नव्हतं.
पुढे त्याला आणखी एक काम चिकटलं. शहरातल्या प्रतिष्ठितांनी अर्ज केला की शेरीफ नागरिकांची जाहीर सभा बोलावत असे. टाउन हॉलच्या पायऱ्यांवर या सभांची गर्दी व्हायची. वर्तमानपत्रं नवीन होती आणि मतदान मूठभरांपुरतं, त्या काळात 'शेरीफची सभा' म्हणजे शहराचं म्हणणं.
आणि या खुर्चीवर कोण बसलं ते बघा. डॉ. भाऊ दाजी लाड, १८६९ आणि १८७१, दोनदा. गोव्याच्या पेडण्यातल्या मांद्र्याचा मुलगा, मुंबईत येऊन डॉक्टर झाला, शिलालेख वाचले, महारोगावर औषध शोधत राहिला. भायखळ्याच्या संग्रहालयाला १९७५ पासून त्यांचंच नाव आहे. गोऱ्यांच्या शहरात एका हिंदी माणसानं नागरिकांच्या सभेत अध्यक्षाच्या खुर्चीत बसणं याला त्या काळी वजन होतं. एवढं सगळं 'गुलामगिरी' या एका शब्दात घालून चालणार नाही.

टवाळ_टिल्लू
भाऊचा धक्का यांचाच का?

इतिहासाचा_किडा
नाही. तो भाऊ रसूल, म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांचा. मुंबईत भाऊ पुष्कळ.

सरळसोट
भाऊ दाजींबद्दल आदर आहेच. पण ते १८६९. आजचं सांगा. आज सभा बोलवायला शेरीफ लागतो का? व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप पुरतो.

मोगरा_मुलुंड
नाना चुडासामा आठवतात का कोणाला? मरीन ड्राइव्हवर त्यांचे फलक लागायचे, दोन ओळींत राजकारण्यांना चिमटा. आमची बस तिथून वळली की अख्खी खिडकी वाचायला लागायची. ते शेरीफ होते ना! मला लहानपणी वाटायचं, फलक लिहिणं हेच शेरीफचं काम.

बालीगंजचा_जोशी
कोलकात्यातून हजेरी. इथेही शेरीफ आहे आणि बंगाली लोकांनी तो आपल्या पद्धतीनं वापरला. सुचित्रा मित्र, रवींद्रसंगीतवाल्या, २००१ मध्ये शेरीफ. पाठोपाठ कवी-कादंबरीकार सुनील गंगोपाध्याय. मग फुटबॉलवाले चुनी गोस्वामी. गाणं, कविता, फुटबॉल. माशांचा शेरीफ तेवढा नेमायचा राहिलाय.

सरळसोट
जोशी, तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. शोभेचं पद.

भाऊचा_धक्का
मघापासून माझ्या नावाचा उल्लेख होतोय म्हणून येतो. गोदीत जहाज एजंटाच्या कचेरीत काम करतो. 'शोभेचं पद' वाचून हसू आलं. सरळसोट, मुंबईचा शेरीफ जहाजाला अटक करतो. अटक, शब्दशः.
समजा परदेशी झेंड्याचं जहाज न्हावा शेव्याला आलं. इंधनवाल्याचे पैसे थकलेत किंवा खलाशांचा पगार सहा महिने नाही. मालक कुठल्या तरी बेटावर नोंदलेली कंपनी, तिला शोधणार कुठे? पण जहाज समोर आहे. मग उच्च न्यायालयात दावा जातो तो जहाजावरच. जहाज हेच प्रतिवादी. न्यायाधीशांचा आदेश झाला की शेरीफ कचेरीतून अटकेचं वॉरंट निघतं. ते जहाजावर बजावतात. जुनी रीत म्हणजे मुख्य डोलकाठीवर चिकटवणं. प्रत बंदराला आणि कस्टमला. कस्टमनं परवाना दिला नाही की जहाज हलत नाही. मालक तारण भरून सोडवतो, नाहीतर जहाज नांगरावर गंजत बसतं. शेवटी न्यायालय लिलावाचा हुकूम देतं आणि जाहिरात येते शेरीफच्या नावानं: 'जसं आहे, जिथे आहे.' पुष्कळ जहाजं तिथून भंगाराला जातात. विक्रीच्या पैशातून आधी शेरीफचा खर्च निघतो, मग बाकीच्यांची रांग.
हे सगळं शेरीफ स्वतः शिडी चढून करत नाही, डेप्युटी शेरीफ आणि कचेरीतली माणसं करतात. पण कागदावर नाव 'शेरीफ ऑफ मुंबई'. रशियन, ग्रीक, फिलिपिनो कप्तानांना मुंबईचा महापौर कोण ते माहीत नसतं, शेरीफ बरोबर माहीत असतो.
अशा जहाजावर अडकलेल्या खलाशांचे हाल मी बघितलेत. डिझेल संपत येतं, जनरेटर तासभर लावायचा, पाणी मोजून. मालक फोन उचलत नाही. पगाराचा पैसा लिलावातून सुटला तेव्हा एक वयस्क वायपर (इंजिनखोलीतला कामगार) आमच्या कचेरीत येऊन सगळ्यांना पेढे देऊन गेला. त्याच्या हिशेबात शेरीफ शोभेचा नव्हता.

रिटायर्ड_नाझर
वा! आम्ही दारावर चिकटवलं, तुम्ही डोलकाठीवर. आता मला सांगा, खलाशी 'लग्नाला गेलेत' असं सांगतात का?

पणजीची_पोर
भाऊचा धक्का, मस्त प्रतिसाद. वकिलीच्या अभ्यासात वाचलेली एक केस आठवली, गोव्याची म्हणून लक्षात राहिली. एम. व्ही. एलिझाबेथ. गोव्यातल्या निर्यातदाराचा माल घेऊन हे जहाज १९८४ च्या फेब्रुवारीत मुरगाव बंदरातून मालाची कागदपत्रं न देताच निघून गेलं. पुढे ते विशाखापट्टणमला आलं तेव्हा आंध्रच्या उच्च न्यायालयानं पकडलं. मालक म्हणाला, जहाज पकडायचा अधिकार मुंबई, मद्रास आणि कलकत्ता यांनाच, तोही इंग्रजांच्या १८९० च्या कायद्याचा. तुमचा काय संबंध? १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की उच्च न्यायालयांना तो अधिकार मुळातच आहे, इंग्रजांच्या जुन्या कायद्यात तो कोंडून ठेवता येणार नाही. आता २०१७ चा आपला स्वतःचा कायदा आहे.
सरळसोट यांच्यासाठी मुद्दा असा की विशाखापट्टणमला शेरीफ नव्हता, तरी जहाज पकडलं गेलं. तेव्हा काम महत्त्वाचं हे खरं, पण त्यासाठी शेरीफच हवा असं नाही.

सरळसोट
धन्यवाद पणजीकर! अखेर एक मत मिळालं.

पणजीची_पोर
अर्धंच दिलंय. कचेरी राहू द्या, खुर्चीवर कलाकार-खेळाडू बसवायचे की नाही ते तुम्ही मुंबईकर ठरवा. आमच्याकडे पोर्तुगीजांच्या वेळी गावागावात रेजेदोर, म्हणजे गावचा सरकारी अधिकारी, असायचा. पद गेलं, पण 'रेजेदोराचं घर' ही खूण काही वाड्यांवर अजून सांगतात.

ह्यूस्टनचे_तात्या
वहिनींना उत्तर द्यायचं राहिलं. स्कॉटलंड मान्य, पण आमच्या टेक्ससची एक गंमत ऐका. इथे कॉन्स्टेबलही निवडून येतो! काउंटीचे विभाग, प्रत्येक विभागाचा एक कॉन्स्टेबल, त्याच्या हाताखाली डेप्युटींची फौज. भाडं थकलं आणि घर रिकामं करायचा हुकूम झाला तर दारात बहुधा शेरीफ नाही, कॉन्स्टेबलचा माणूस येतो. माझ्या मेव्हण्याला मी सांगितलं की आमचे शेजारी कॉन्स्टेबल आहेत, तर तो म्हणाला, 'बिचारे, क्वार्टर मिळालं नाही का?'
आणि ते घोड्यावरचे शेरीफ खोटे नव्हेत. न्यू मेक्सिकोतल्या लिंकन काउंटीचा शेरीफ पॅट गॅरेट, यानं १८८१ मध्ये बिली द किड या कुख्यात बंदूकबाजाला गोळी घातली. तोही मतं मिळवून शेरीफ झाला होता. पण त्या काळच्या शेरीफचा बराच वेळ कर गोळा करण्यात आणि कोर्टाचे कागद वाटण्यात जायचा. सिनेमात ते कोण दाखवणार?

शब्दवेडी
कॉन्स्टेबल निघालाच आहे तर सांगते. लॅटिन 'कोमेस स्ताबुली', तबेल्याचा सरदार. एकेकाळी फ्रान्सच्या राजाचा कॉन्स्टेबल म्हणजे सेनापती. मार्शलही घोड्यांकडचाच, 'घोड्यांचा चाकर'. एकाच तबेल्यातून निघालेले दोघे. मार्शल चढत चढत फील्ड मार्शल झाला आणि कॉन्स्टेबल नाक्यावर उभा राहिला.

टवाळ_टिल्लू
विधानसभेत आमदारांना उचलून बाहेर नेतात ते मार्शल आणि करोनात मास्कसाठी पावती फाडायचे ते क्लीन-अप मार्शल. घोडे आवरायची सवय कामी आली. (हलकेच घ्या.)
माझा पण एक शोध: शायर + रीव्ह = शेरीफ, तर शायर + दार = शिरस्तेदार!

शब्दवेडी
शिरस्ता फारसीतून आला, सररिश्ता. पण प्रयत्नाबद्दल पाच गुण.

काळाघोडा
धाग्यानं माझ्या अपेक्षेपेक्षा भलतीच भरारी घेतली. सगळ्यांचे आभार. एक मात्र विचारतो, शब्दवेडी. शरीफ गेला तर गेला, पण इंग्रजीत एकही अधिकारी अरबीतून आला नाही का? सातशे-आठशे वर्षं अरब स्पेनमध्ये होते, मग काहीच कसं चिकटलं नाही?

शब्दवेडी
चिकटलं की! स्पेनमध्ये गावाच्या प्रमुखाला अल्काल्दे म्हणतात, तो म्हणजे 'अल् काझी'. आणि इंग्रजीत ठसठशीत एक आहे: अ‍ॅडमिरल. मुळाशी 'अमीर', हुकूम देणारा. पुढचा 'अल्' शब्दाला चिकटून राहिला आणि मधला 'ड' लॅटिनच्या नादानं घुसला.

भाऊचा_धक्का
एक मिनिट. म्हणजे जहाज पकडायच्या आमच्या कायद्याला अ‍ॅडमिरल्टी म्हणतात ते या अमिरावरून?

शब्दवेडी
हो. अमिराच्या नावाचा कायदा, आणि तो बजावतो जिल्ह्याचा इंग्रज कारभारी.

काळाघोडा
चला, माझा अरब अगदीच रिकाम्या हातानं परत गेला नाही.

सरळसोट
माझं मत कायम आहे. अटकेसाठी कचेरी पुरे. मखमल, गुच्छ, विमानतळ बंद करा.

बालीगंजचा_जोशी
मुंबईत बंद झालं तर गावसकरांना इकडे पाठवा. ईडन गार्डन्स आहेच.

मोगरा_मुलुंड
नाझरकाका, तो डफवाल्याचा धागा कधी?

रिटायर्ड_नाझर
लिहितो. नातवाकडून मराठी टायपिंग नीट शिकून घेतो आधी. एवढ्या प्रतिसादालाच दोन संध्याकाळ लागल्या.

टवाळ_टिल्लू
तोपर्यंत कोणीतरी हे सांगा, कर्नलच्या स्पेलिंगमध्ये 'र' कुठे आहे?

शब्दवेडी
इटालियनमध्ये 'कोलोनेल्लो', तुकडीचा म्होरक्या. फ्रेंचांनी त्याचा 'कोरोनेल' केला. इंग्रजांनी स्पेलिंग इटालियन वळणाचं ठेवलं आणि उच्चार फ्रेंच वळणाचा. पुढचं लेफ्टनंटचं विचारू नकोस, मला उद्या सकाळी सातची लोकल आहे.